चढलेली भुवई

नाहूरला आमच्या बिल्डिंगखाली एका बाईचं पार्लर आहे. दुसरीकडून आयब्रो करून कुणी आलं, की तिची डावी भुवई वर चढते. "कोणी केलं गं हे? वाट लावली ना पार!" त्या धाकाने मी दुसरीकडे जातच नाही.

एकदा मी तिला सांगितलं, इंग्रजीत सगळ्यांना तुच्छ लेखणाऱ्याला 'सुपरसिलियस' म्हणतात आणि तो शब्द लॅटिनमधल्या भुवईवरून आलाय. दातात दोरा धरूनच ती हसली. "म्हणजे माझी भुवई पार तिकडे पोचली!"

परवा केमोत भुवया गेलेली एक मुलगी मान खाली घालून आली. "लोक बघत राहतात," म्हणाली. पार्लरवालीने पेन्सिलीने दोन्ही भुवया काढल्या, डावी मुद्दाम जरा चढवून, आणि आरसा पुढे धरला.

"घे. आता तू बघ त्यांच्याकडे."