कुणाला सांगू नका, पण आमच्या लॅबमध्ये...

ज्यांना तोंड बंद ठेवण्याचा पगार मिळतो, त्यांच्या पोटात किस्से फार साठतात. बाकीची माणसं ऑफिसातून घरी येतात आणि जेवताना सगळं ओकून मोकळी होतात. आम्ही नुसती भाजी कशी झालीय ते सांगायचं. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चौदा वर्षं टेक्निशियन होते. आता लॅब बंद झाली, सर मुलाकडे पुण्याला गेले. तेव्हा नावं-गावं बदलून थोडं सांगते. ओळखलंत तरी गप्प बसा.

लॅबमध्ये आम्ही तिघंच. सर, मी आणि मल्लूमामा. मामा नावं पुकारायचे, रिपोर्ट वाटायचे, झाडूनपुसून घ्यायचे. गाव निपाणीच्या बाजूचं, त्यामुळे मला ताई न म्हणता अक्का म्हणायचे. लॅबमध्ये येण्याआधी ते मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात बोली पुकारायला होते. आवाज तिथलाच घेऊन आले. आता गुप्तता पाळायच्या ठिकाणी असा माणूस सरांनी का ठेवला, हे मी सरांना एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "माणूस प्रामाणिक आहे." ते खरंच होतं. तोच तर घोळ होता.

*

मामांचा पहिलाच आठवडा. बाहेर बाकावर वीसेक माणसं. मामांनी दारात उभं राहून पुकारलं, "पाटील!"

कोल्हापुरात असं पुकारल्यावर काय होणार? सातजण उठले.

मामांनी पाकिटं बघितली आणि मदत केली. "एवढे नगं. साखरवाले पाटील एक, काविळीचे पाटील एक, आन् जंतवाले पाटील कोण हाय त्येंनी फुडं या."

साखर आणि कावीळ पुढं आले. जंतवाले पाटील काही येईनात. मामा तीन वेळा पुकारून दमले. शेवटी संध्याकाळी बाकं रिकामी झाल्यावर सफारी घातलेले एक गृहस्थ आत आले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, ते मी."

*

दुसऱ्या दिवशी सरांनी पत्र्याचे बिल्ले करून आणले. आता नाव नाही, टेस्ट नाही, फक्त नंबर. मामांना दहा वेळा समजावलं. मामांनी मान डोलावली.

सकाळी पुकारा झाला, "सात नंबर!" एक बाई उठल्या. मामा एकदम खूश. "या या. तुमच्याच गल्लीतल्या त्या आठ नंबरबी आल्यात बगा. तुमची आन् त्येंची टेस्ट सेम हाय. जाताना रिक्षा एकच करा."

त्या दोघी एकमेकींकडे न बघता दोन दारांनी गेल्या. सर म्हणाले, "मामा, नंबर पुकारल्यावर तोंड मिटायचं असतं."

"मिटलं की. त्या रिक्षात बसल्यावर."

*

सगळं मामांवर ढकलायला नको. सरांनीही एक शहाणपणा केला होता. त्या काळात एच.आय.व्ही.ची टेस्ट म्हटलं की माणसाचं तोंड पांढरं पडायचं. अशा रिपोर्टला कुणी हात लावू नये म्हणून सरांनी लाल शाईचा शिक्का करून घेतला: "गोपनीय". तो फक्त त्याच पाकिटावर मारायचा.

पंधरा दिवसांत अख्ख्या राजारामपुरीला कळलं, लाल शिक्का म्हणजे काय. पाकीट काखेत लपवून माणसं जिना उतरायला लागली. एका मास्तरांचा रिपोर्ट चांगला आला होता, काहीसुद्धा नव्हतं, तरी त्यांच्या गावात आठ दिवस त्यांच्या घरचा चहा कुणी घेईना. मास्तर येऊन सरांना म्हणाले, "डॉक्टर, रोग नाही म्हणून तुम्ही लिहून दिलंत, आणि आहे म्हणून वरून शिक्काही मारलात."

सर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सगळ्याच पाकिटांवर शिक्का मारायचा हुकूम निघाला. मग पन्हाळ्याकडची एक म्हातारी रक्त कमी आहे का बघायला आलेली, तिला शिक्क्याचं पाकीट मिळालं. नातवाकडून वाचून घेतलं आणि माघारी वर आली. "बाळा, माझं रगात कमी हाय ह्ये गोपनीय कशापायी? गावाला दिसतंय की."

*

आता माझंही सांगते, नाहीतर म्हणाल ही मोठी साधू. एकदा फोन आला. बाईचा आवाज, नाव बरोबर सांगितलं, नंबर बरोबर. "रिपोर्ट काय आला हो?" मी गडबडीत होते. म्हटलं, "पॉझिटिव्ह आहे. पेढे आणा."

ती सासू होती.

संध्याकाळी सून रिपोर्ट न्यायला आली ती डोळे लाल करून. लग्नाला तीन वर्षं झाली होती, ही बातमी नवऱ्याला आपण सांगायची म्हणून तिनं काय काय ठरवलं होतं. मला म्हणाली, "ताई, मला दिवस गेल्याचं मला शेजारणीनं सांगितलं. हातात पेढा ठेवून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी काही झापलं नाही, नुसता फोन माझ्या टेबलावरून उचलून स्वतःच्या टेबलावर नेला. ते जास्त लागलं.

*

मामांचं मात्र एकदा हसण्यावारी गेलं नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या बसवरचा ड्रायव्हर आमच्याकडे साखर तपासायचा. गरीब माणूस, तीन पोरं. चहाच्या गाड्यावर मामांना दिसला. मामांनी रस्त्याच्या पलीकडून मायेनं हाक मारली, "पावणं, साखर उतरली का? परवा लई हुती!"

शेजारी त्याचा सुपरवायझर उभा होता. आठ दिवसांत त्याला बसवरून काढून गोडाऊनला टाकलं. तो लॅबमध्ये आला, भांडला नाही. बाकावर बसून म्हणाला, "मामा, तुमी चांगल्या मनानं इचारलं. पर माझं स्टेअरिंग गेलं."

सरांनी मामांना आत बोलावलं. "मामा, आजवर सांभाळून घेतलं. पुन्हा एकदा कुणाचं काही बाहेर गेलं, तर लॅबची किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं." मामांची पोटापाण्याची तेवढीच सोय होती. वय पंचावन्न, शेती नावाला, एकुलत्या लेकीच्या लग्नाचं कर्ज अजून फिटत होतं.

त्यानंतर मामांनी असं तोंड मिटलं की पेशंटनं "संडास कुठं आहे?" विचारलं तरी म्हणायचे, "सरांस्नी इचारा."

*

आता शेवटचा. मामांची ती लेक, गौरी, गडहिंग्लजकडे दिलेली. पाच वर्षं झाली, मूल नव्हतं. सासरचे तिला वांझ म्हणायला लागले होते. तिचे नाही नाही ते उपास करून झाले होते, सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या, तिच्यात काही दोष नव्हता. नवऱ्यानं तपासून घ्यावं असं म्हणायची त्या घरात कुणाची टाप नव्हती.

मामा रविवारी जोतिबाला जायचे. अशाच एका रविवारी त्यांचा जावई गुपचूप लॅबमध्ये आला. मूल होत नसलं की पुरुषाची जी तपासणी करतात ती करायला. मला हात जोडून म्हणाला, "मला दुसरी लॅब माहीत नाही. पण मामांना कळता कामा नये." मी शब्द दिला. तपासणी मीच केली. काय निघालं ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

पण तो रिपोर्ट न्यायला आलाच नाही. आणि न नेलेले रिपोर्ट शनिवारी लावून ठेवायचे, गाववाल्यांकडून निरोप धाडायचा, हे काम मामांचं. मी ते पाकीट ढिगाच्या तळाशी दडवलं होतं, तरी त्यावर जावयाचं नाव बघून मामा माझ्यासमोर उभे राहिले. पाकीट बंद होतं.

"अक्का, ह्यात काय हाय?"

"मामा, मला विचारू नका."

मामा म्हणाले, "बरं," आणि पाकीट होतं तिथं ठेवलं. पुन्हा कधी विचारलं नाही. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

दीड महिन्यानं गौरीच्या सासरी बैठक ठरली. मामा म्हणाले, "अक्का, तुमी चला. शिकलेलं माणूस दिसलं की जरा दबकून बोलत्यात." मी गेले. बाहेरच्या सोप्यात चार पंच, सासरा, जावई खाली मान घालून. गौरी आतल्या दारात उभी.

सासरा म्हणाला, "पाच वर्सं वाट बगितली. दोष तुमच्या पोरीत हाय. सोडचिठ्ठी द्या, आमी पोराचं दुसरं लगीन करतो. आजच घिऊन जावा तिला."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी समोरच्या पोह्यांकडे बघत बसले. मामांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि नेहमीच्याच, तीन घरं पलीकडं जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, लॅबात तुमचा रिपोर्ट दीड म्हैना पडून हाय. येवडा घिऊन जावा की."

सासऱ्यानं विचारलं, "कसला रिपोर्ट?"

"ते मला म्हाईत न्हाई. आमाला उगडून बगायची परवानगी नसती. तुमच्या पोराला इचारा."

जावई उठला, "दादा, जरा आत चला," म्हणून बापाला घेऊन गेला. अर्ध्या तासानं सासरा एकटाच बाहेर आला आणि पंचांना म्हणाला, "जेवून जावा. बैठक ऱ्हाऊ द्या." त्या घरात सोडचिठ्ठीचं नाव परत निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचायच्या आधीच मामांनी सरांना सगळं सांगून टाकलं होतं आणि लॅबची किल्ली टेबलावर ठेवली होती.

सर म्हणाले, "रिपोर्टमध्ये काय आहे ते सांगितलंत?"

"मलाच म्हाईत न्हाई, तर सांगू काय?"

"मग चारचौघांत बोललात कशाला?"

"न न्हेलेल्या रिपोर्टांची आठवण करायची, ह्ये माझं कामच हाय न्हवं, सर?"

सर किल्ली मामांच्या बाजूला सरकवून म्हणाले, "यापुढं अशी आठवण फोनवर करायची."

मामांनी किल्ली खिशात टाकली.

"त्येंच्याकडं फोन न्हाई, सर."