राखीव गोलकीपर

मी थर्ड इयरला गेलो त्या वर्षी आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला मोठ्या कॉलेजांच्या लीगमध्ये घेतलं. त्याआधी दोन वर्षं आम्ही छोट्या लीगमध्ये खेळलो आणि बहुतेक सामने हरलो. गोलमध्ये मी असायचो. हरत होतो, पण ती जागा माझी होती.

ती मिळवून दिली पप्पांनी. तरुणपणी वसईत ते गावच्या टीमचे गोलकीपर होते. दोह्यात एका हॉस्पिटलच्या एसी दुरुस्तीच्या कामाला लागले आणि त्यांचं खेळणं संपलं. दोह्याच्या अल नस्र भागातल्या आमच्या बिल्डिंगमागे मोकळा प्लॉट होता. तिथे वाळूवर जुनी गादी टाकून त्यांनी मला सूर मारायला शिकवलं.

नव्या लीगसाठी नवा कोच आला आणि त्याच्याबरोबर एक जॉर्डनचा गोलकीपर. उंच, शांत, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. पहिल्याच प्रॅक्टिसला मला ते कळलं. त्याचा रागही करता येईना, कारण तो स्वतःहून येऊन माझ्याशी हात मिळवायचा.

पहिल्या सामन्याला मी बाकावर होतो. घरी सांगितलं की बोट दुखावलंय. पप्पांनी काही न विचारता चिकटपट्टी आणली, माझी दोन बोटं एकमेकांना बांधली आणि हाताची मूठ मिटून-उघडून पाहिली. पुढचे तीन शुक्रवार, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर ते माझं धडधाकट बोट बांधत राहिले. चौथ्या शुक्रवारी म्हणाले, आता बरं झालंय, नको बांधूया. त्यानंतर बोटाचा विषय कुणी काढला नाही.

टीम मात्र जिंकत सुटली. ज्या कॉलेजांची नावं ऐकून आम्ही दबकून असायचो, त्यांना एकामागून एक हरवलं. कँटीनमध्ये अनोळखी मुलं पाठ थोपटायची. माझीही थोपटायची. मी हसायचो आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचो. प्रत्येक विजयानंतर माझी खेळण्याची शक्यता कमी होत होती. आपल्याच टीमने हरावं असं मला वाटायला लागलं होतं. एकदा आमच्या गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला तेव्हा मी बाकावरून अर्धा उठलोसुद्धा. त्याने तो पुन्हा पकडला. मी बसलो. त्या क्षणाची लाज मला अजून वाटते.

पप्पा प्रत्येक सामन्याला यायचे. शुक्रवारी ड्यूटी लागली तर हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांतच यायचे, वरच्या पायरीवर एकटे बसायचे. मी त्यांना येऊ नका म्हटलं. ते म्हणाले, टीम चांगली खेळते, बघायला येतो.

सेमीफायनल जिंकल्यावर मी बूट बदलून पार्किंगमध्ये आलो, तर पप्पा कोचसमोर उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. आपल्या मोडक्या इंग्रजीत ते म्हणत होते, "सर, माझा मुलगा दोन वर्षं गोलकीपर होता. फक्त पाच मिनिटं द्या. शेवटची." कोचने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "इन्शाल्ला."

मी एका गाडीमागे थांबलो. ते वळल्यावरच बाहेर आलो.

फायनलला आम्ही तीन गोलनी पुढे होतो. कोचने एकदा वरच्या पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यल्ला," तो म्हणाला, म्हणजे चल. मला नाही म्हणायचं होतं. पण पाय उठले. जॉर्डनच्या मुलाने बाहेर येताना मला मिठी मारली.

चार मिनिटं मी गोलमध्ये उभा होतो. समोरची टीम खचलेली होती, एकही चेंडू माझ्यापर्यंत आला नाही. शेवटी आमच्याच बॅकने, काही गरज नसताना, चेंडू हळूच मागे माझ्याकडे ढकलला. मला निदान एकदा चेंडूला पाय लावता यावा म्हणून. मी तो लांब मारला. शिट्टी झाली. सगळे मैदानभर धावत सुटले आणि मी दोन खांबांच्या मध्ये तसाच उभा राहिलो. आख्ख्या टीमला सगळं ठाऊक होतं.

पप्पा कुंपणापाशी आले. त्यांचे डोळे ओले होते. "छान खेळलास," ते म्हणाले.

"तुम्ही कोचकडे भीक मागितलीत," मी म्हणालो.

"भीक नाही रे. विचारलं फक्त."

मी त्यांना तिथेच सोडून टीमच्या बसमध्ये चढलो.

पुढच्या वर्षी मी खेळणं सोडलं. पप्पांनी कारण विचारलं नाही, आणि फुटबॉलचं नावही पुन्हा काढलं नाही. टीव्हीवर मॅच लागली तर ते उठून आत जायचे. मी नोकरीसाठी कॅनडाला गेलो, ते आणि आई वसईला परतले. दर आठवड्याला फोन व्हायचा. ते विचारायचे, तिकडे थंडी आहे का? मी म्हणायचो, आहे. मग ते फोन आईकडे द्यायचे.

माफी मागायची असं मी कितीदा ठरवलं. पुढच्या फोनवर, पुढच्या सुट्टीत. एका सकाळी चर्चला निघताना दारातच ते कोसळले. मी पोहोचलो तोवर माती देऊन झाली होती.