सतरा नको

आमच्या घरात काहीही हरवलं, चष्मा असो की विम्याचे कागद, की माझे यजमान म्हणतात, "कोठीवालीला विचार." कोठीवाली म्हणजे माझी नणंद. तिची नोकरीच कोठी सांभाळायची. फक्त तिच्या कोठीत धान्याऐवजी आकडे असतात. एका संशोधन केंद्रात जमिनीखाली बसवलेलं यंत्र आकाशातून येणारे सूक्ष्म कण टिपतं. त्याच्या अकरा वर्षांच्या नोंदी हिच्या ताब्यात. गेलेला कण परत येत नाही, त्यामुळे नोंद गेली की गेलीच.

वयानं ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी चेष्टेनं तिला "वन्सं" म्हणते, ती मला "वहिनीसाहेब."

गेलं वर्षभर ती एकाच कामात बुडाली होती. संशोधकांची ओरड होती की गणित दहा मिनिटांचं आणि आकडे हाती यायला दोन तास. "मोहरीचा एकेक दाणा वेगळ्या डब्यात ठेवलाय असं समज," तिनं मला सांगितलं होतं. लाखो चिमुकल्या फायली जुन्या, संथ डिस्कवर विखुरलेल्या होत्या. तिनं त्यांचे मोठे गठ्ठे बांधले आणि नव्या, वेगवान डिस्कवर नेले. दोन तासांची वीस मिनिटं झाली. आता जुन्या डिस्क पुसायच्या होत्या. पण त्याआधी नोंदींच्या प्रत्येक कप्प्याची नवी प्रत मुळाशी जुळते का, हे पाहायचं होतं. सतरा कप्पे पाहायचे राहिले होते.

त्या शनिवारी तिला सुट्टी होती म्हणून आम्ही माळा आवरायला काढला. एका पिशवीवर तिच्याच अक्षरात चिठ्ठी होती: "नको."

"वन्सं, हे टाकायला नको की ठेवायला नको?"

"अगं, टाकायला..." ती हसत म्हणाली आणि स्टुलावर तशीच थिजली. मला वाटलं, पाल दिसली.

"वहिनी, काल मी अण्णांना यादी पाठवली." आवाज तिचा वाटतच नव्हता. "कप्प्याचं नाव आणि पुढे हो किंवा नको. वर 'पुसायचं का?' असं लिहिलेलं होतं. ती ओळ माझ्याकडून कॉपी करायची राहिली."

अण्णा म्हणजे तिचे जुने सहकारी. जुन्या डिस्क आज तेच पुसणार होते. तिनं फोन लावला. वाजत राहिला. संगणकांच्या खोलीत पंख्यांचा इतका गोंगाट असतो की खिशातला फोन वाजला तरी कळत नाही. सात वेळा लावला. मग मीच गाडीची किल्ली घेतली. वाटभर ती मांडीवर बोटं मोजत होती, सतरापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. सिग्नलला थांबलो तर म्हणाली, "सरांनी त्या यादीवर न वाचता सही केली, वहिनी. म्हणाले, तू पाहिलंयस ना, मग झालं."

सर म्हणजे केंद्राचे प्रमुख, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. ते यंत्र त्यांनीच उभं केलेलं.

खोलीचं दार उघडताच बर्फासारखी हवा अंगावर आली. स्वेटर घातलेले अण्णा खुर्चीत बसून होते. ती ओरडली, "अण्णा, थांबवा!"

त्यांनी आधी थांबवलं, मग विचारलं. "काय झालं? तूच नको म्हणालीस ना? म्हटलं, नकोत ते आधी उरकू."

"किती झाले?"

"चार." तिचा चेहरा पाहून त्यांनी चष्मा काढला. "अगं पोरी, मी काय केलं?"

"तुम्ही नाही. मी केलं."

तेरा वाचले होते. पुसलेल्या चार कप्प्यांची आता एकेकच प्रत उरली होती, न तपासलेली. सुदैवानं नोंद होतानाच प्रत्येक फायलीचा एक ठसा, म्हणजे लांबलचक आकडा, वेगळा जपलेला असतो. प्रत धड असेल तर ठसा जुळतो. नसेल तर तसं कळतं, एवढंच. दुरुस्त काही होत नाही.

ती तपासायला बसली. पडद्यावर हिरव्या ओळी सरकू लागल्या. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. पहिला कप्पा जुळला. दुसरा जुळला. अण्णा पुटपुटत होते, बहुतेक स्वतःलाच शिव्या देत होते. तिसरा संपायला तासभर लागला. तोही जुळला, तेव्हा मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दगड झाला होता.

चौथ्याच्या मध्यावर एक ओळ लाल आली.

तिनं तो गठ्ठा पुन्हा तपासला. लाल. तिसऱ्यांदा तपासला.

"एकोणीस दिवसांच्या नोंदी गेल्या," ती म्हणाली. "सातव्या वर्षातल्या."

अण्णांनी तोंड फिरवलं. बाकीच्या सगळ्या ओळी हिरव्या आल्या, पण तिकडे कुणी पाहिलंच नाही. शनिवार असूनही व्हरांड्याच्या टोकाला सरांच्या खोलीत दिवा दिसत होता. ती उठली, ओढणी सारखी केली, काहीच चुरगळलेलं नसताना.

"मी येऊ, वन्सं?"

"नको."

ती दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवून थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "एकटीनं जायला नको, असं म्हणतेय मी. चल ना."