टाकीच्या झाकणावरचं कुंकू

मांजर्लीत आमच्या गल्लीची स्वतःची बोट आहे असं सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. उल्हास नदी एकदा तुमच्या हॉलमध्ये येऊन सोफ्यावर बसली ना, की मग कळेल. एका मोठ्या पुरानंतर गल्लीतल्या सोसायट्यांनी वर्गणी काढली आणि वसईकडच्या एका कोळ्याकडून जुनी फायबरची होडी घेतली. तिच्यामागे लावायची आउटबोर्ड मोटरही त्याच्याकडूनच आली. आम्ही सगळे तिला मशीन म्हणतो.

बाबा होते तोवर ती मशीन त्यांची होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर म्हणून जन्म गेलेला माणूस, घरी बसून करणार काय? पावसाळ्याआधी पाण्याच्या पिंपात पंखा बुडवून मशीन चालवून बघायचे आणि गल्लीभर धूर करायचे. बायका खिडक्या लावून घ्यायच्या आणि शिव्या द्यायच्या. बाबा गेले आणि धूरही गेला. त्यानंतर कमिटीने मशीनला हात लावला तो फक्त दसऱ्याला, हार घालायला.

गेल्या पावसाळ्यात नदी वर आली ती सकाळी. 'बारवी धरणाचं पाणी सोडलं, बारवीचं पाणी सोडलं' म्हणून मोबाईलवर नुसता गोंधळ, खरं-खोटं देव जाणे. पाणी पार्किंगमध्ये आलं, मग तळमजल्यात शिरलं आणि वीज गेली. आम्ही पहिल्या मजल्यावर, मी आणि आई. पाण्याची आम्हाला भीती नव्हती, भीती विजेची होती. आईची फुप्फुसं कामातून गेलेली, तिचा ऑक्सिजन विजेवर. वीज गेली की जोडायला एक छोटा सिलिंडर घरात असतो. त्याच्यावरचा काटा मी सकाळपासून बघत होते. दुपारी तो लाल पट्टीजवळ आला.

उड्डाणपुलाकडे रस्ता कोरडा होता आणि तिथे अ‍ॅम्ब्युलन्स येऊन थांबली होती. म्हणजे प्रश्न एवढाच, की सिलिंडर संपायच्या आत आईला बोटीतून तिथवर न्यायचं.

बोट सकाळपासून चालूच होती. तळमजल्यावरच्या दोन-तीन बिऱ्हाडांना तिने समोरच्या उंच इमारतीत पोचवलं होतं. आम्ही आईला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं आणि बोटीत ठेवलं. सिलिंडर माझ्या मांडीत. पुढे बांबू घेऊन आमच्या वरच्या मजल्यावरचा रिक्षावाला. मागे मशीनचा दांडा धरून सोसायटीचे चेअरमन. काय तो आविर्भाव! गळ्यात शिट्टी, अंगात रेनकोट, डोक्यावर कुठल्यातरी निवडणुकीत फुकट मिळालेली टोपी.

"वहिनी, घाबरू नका," चेअरमन म्हणाले. "आपली मशीन म्हणजे घोडा आहे."

घोडा सुरुवातीला धावलाही. गल्लीचं वळण झोकात गेलं. पुढे नदीकडून येणारं पाणी आडवं लागतं, नेमकं तिथे मशीनचा आवाज पडला. चेअरमननी दांडा पिळला, तरी आवाज खाली खालीच जात राहिला. मग दोन आचके दिले आणि बंद. बोट क्षणभर उभी राहिली आणि हळूच मागे सरकायला लागली, नदीच्या दिशेने. रिक्षावाल्याने एका बुडालेल्या घराच्या खिडकीची जाळी पकडली म्हणून अडलो.

"पेट्रोल संपलं असेल," चेअरमन म्हणाले. टाकी हलवून बघितली. डबडब वाजत होती.

"प्लग शॉट झालाय ताई," रिक्षावाला म्हणाला. "माझ्या रिक्षाला पण सेम होतं." तो मागे आला, चेअरमननी पुढे जाऊन जाळी धरली. त्याने प्लग काढला, शर्टाला पुसला, फुंकला, परत बसवला. दोरी ओढली. मशीन सुरू! चेअरमननी शिट्टी वाजवली. कशासाठी वाजवली ते त्यांनाच माहीत. थोडं पुढे गेलो आणि परत तेच, आवाज पडला, आचके, बंद. परत जाळी, दुसऱ्या घराची.

मग मशीन वर उचलून पंखा बघितला. त्यात सिमेंटच्या गोणीचा तुकडा आणि कुणाच्यातरी ओढणीची चिंधी. "हे बघा, हे बघा!" चेअरमननी ती चिंधी अशी उंच धरली, जसा काही चोर पकडलाय. चिंधी काढली, दोरी ओढली, मशीन सुरू. थोडं गेलो, बंद.

आईचे ओठ काळसर दिसायला लागले होते. काटा लाल पट्टीत शिरला होता. तिने माझा हात धरला होता. बोलायला लागणारा श्वास ती वाचवत होती.

"लोड जास्त झालाय," चेअरमन म्हणाले. "एखाद्याने उतरायला पाहिजे."

"उतरायचं? कुठे उतरू, तुमच्या डोक्यावर?"

"ताई, असं बोलू नका."

"मग काय आरती ओवाळू? माझी आई मरतेय इथे!"

ओरडून झालं तेव्हा माझं डोकं चालायला लागलं. माझं असंच आहे, आधी वाफ बाहेर पडावी लागते. बाबा पिंपापाशी म्हणायचे, आधी ऐक, मग हात लाव. काय ऐकलं होतं मी? मशीन सुरू होताना कुरकुर करत नव्हती. सुरुवातीला जोरात पळत होती. थोड्या वेळाने जोर जायचा, आणि बंद ठेवली की परत सुरू व्हायची. प्लग खराब असता तर पहिल्यापासून रडली असती. पंख्यात कचरा होता तो काढला, तरी तेच. मग थोडा वेळ गप्प बसल्यावर जे आपोआप बरं होतं, ते दुखणं कुठलं? तिला पेट्रोल पोचत नव्हतं.

टाकीपासून मशीनपर्यंत एक नळी जाते आणि नळीच्या मध्ये हाताने दाबायचा रबरी फुगा असतो. सुरू करण्याआधी तो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं. मी फुगा बघितला. चोखून टाकलेल्या आंब्यासारखा चपटा झालेला. टाकीत पेट्रोल भरपूर, पण आत हवाच जात नव्हती. हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल बाहेर कसं येणार? मशीन ओढत होती, टाकी सोडत नव्हती.

मी टाकीचं झाकण फिरवलं. हुस्स करून हवा आत गेली आणि फुगा माझ्या डोळ्यांसमोर टम्म झाला.

झाकण उलटसुलट करून बघितलं. मूळच्या झाकणाला हवेचा स्क्रू होता, तो कधीच हरवलेला. बाबांनी उल्हासनगरच्या बाजारातून दुसरं झाकण आणलं होतं आणि त्याच्या मधोमध बारीक ड्रिलने भोक पाडलं होतं. त्या भोकावर कुंकू होतं. ओलं कालवून लावलेला, वाळून दगड झालेला ठसठशीत टिळा, वर अक्षता दाबलेल्या, आणि एक तांदूळ बरोब्बर भोकात बसलेला.

आणि मला तो दसरा आठवला. माझं डोकं फिरलं.

दरवर्षी मशीनची पूजा आईच करायची. बाबांची मशीन म्हणून तिची पूजा आईची, असं कुणी न ठरवता ठरलेलं. ती टाकीच्या पोटाला कुंकू लावायची, झाकणाला कधीच नाही. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला ती नेहमीसारखी तबक घेऊन खाली आली. चेअरमनच्या बायकोने हसत हसत तिच्या हातातून ते तबक काढून घेतलं. "वहिनी, तुम्ही बसा खुर्चीत, दमाल. यंदा मी करते." दमाल! तबकात एक नारळ आणि चार फुलं होती, सिमेंटची गोणी नव्हती. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं होतं की आईला का बसवलं. कुणाला लाज शिवली नाही. मीच पुढे होणार होते, तर आईने माझा पदर ओढला. खुर्चीतून ती एवढंच म्हणाली, "झाकणाला लावू नका हो, तिथे भोक आहे." त्यावर मागून एक बाई हळूच बोलली, पूजेच्या वेळी त्यांनी मध्ये बोलू नये. आणि चेअरमनच्या बायकोने कपाळ समजून नेमकं झाकणालाच बोटभर कुंकू लावलं.

"हे बघा," मी झाकण चेअरमनच्या नाकासमोर धरलं. "हे बघा तुमच्या सवाष्णीचं कुंकू!"

बघितलं त्यांनी. आणि काय म्हणाले असतील? मी केसातली पिन काढून टिळा खरवडायला लागले, तर म्हणाले, "ताई, पूजेचं आहे. निदान नमस्कार करून काढा."

त्या क्षणी मी त्यांना पाण्यात ढकललं नाही, हे माझ्यावर झालेले संस्कार. रिक्षावाला मध्ये पडला. "काका, तुम चुप बैठो ना यार. ताई, झाकण ढिलं ठेवा, मी ओढतो." त्याने फुगा दाबला, दोरी ओढली. मशीन सुरू झाली, आणि आडवं पाणी कापत सरळ गेली. मी एका हाताने सैल झाकण धरलं होतं आणि एका हाताने आईला. तोंड मात्र मोकळं होतं, ते उड्डाणपुलापर्यंत बंद झालं नाही. चेअरमनच्या सात पिढ्यांची पूजा मी त्या बोटीत बांधली.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आईला मोठा सिलिंडर लागला. थोड्या वेळाने ओठांचा रंग परत आला तेव्हा मी फुटपाथवर बसून हुंदके देऊन रडले. लोक मोबाईल काढून बघत होते. बघा म्हटलं.

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. मी तिच्यासाठी संत्रं सोलत होते आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये कुणाकुणाचे वाभाडे काढणार ते तिला ऐकवत होते.

"राहू दे गं," ती म्हणाली. "त्यांचं काय चुकलं? मी बसले म्हणून बंद पडली."

मला वाटलं थट्टा करतेय. मी हसले. ती हसली नाही.

"आई, भोक बुजलं होतं. तूच तर सांगितलं होतंस त्यांना!"

"भोकाचं मला नको शिकवू. तुझ्या बाबांनी माझ्यासमोर पाडलंय ते." तिने दम घेतला. "पण सकाळी बाकीची माणसं गेली, तेव्हाही ते कुंकू होतंच ना झाकणावर? तेव्हा नाही पडली बंद. मी बसले आणि पडली."

मी समजावलं. सकाळच्या फेऱ्या या दारातून त्या दारात, चिमूटभर. त्यात प्रत्येक फेरीला पेट्रोल बघायला कुणीतरी झाकण उघडत होतं. लांबची फेरी आपलीच पहिली. ज्याला मशीन कळते त्याला हे अर्ध्या वाक्यात पटलं असतं, आणि तिला मशीन कळत होती. बाबांच्या शेजारी उभं राहून तिने ती माझ्यापेक्षा जास्त बघितली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल." मग संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि कूस बदलली.

मीटिंगमध्ये मी बोलायचं ते बोलले. पुढच्या दसऱ्याला चेअरमन स्वतः घरी आले. "वहिनी, यंदा पूजा तुमच्याच हातून होऊ दे." लाजेने आले की माझ्या तोंडाला भिऊन, ते विचारायला मी गेले नाही. आई म्हणाली, "नको हो. तुमच्या घरच्यांनाच करू दे. मी लांबून हात जोडेन." चेअरमन सुटल्यासारखे उठले. चहाही अर्धा ठेवला.

या पावसाळ्यात पाणी परत फाटकाच्या आत आलं. वीज गेली. बोट जिन्याच्या खालच्या पायरीला लागली. या वेळी दांडा रिक्षावाल्याच्या हातात होता. त्याने वर हाक मारली, "आजी, चला, पहिला नंबर तुमचा!" मी आईला कशीबशी पायऱ्यांपर्यंत आणली, सिलिंडर माझ्या खांद्याला. खाली चार-पाच माणसं ताटकळत उभी, त्यात चेअरमनची बायकोही. बोटीपासून दोन पायऱ्या वर आईने जिन्याचा कठडा धरला.

"आधी यांना सोडून ये बाबा," ती म्हणाली. "मी शेवटी बसते. माझ्यामुळे कुणाचं अडायला नको."

"आई, चल!" मी तिचा दंड धरून ओढलं. एवढीशी बाई, श्वास पुरत नाही, पण कठडा सोडला नाही. मी ओरडले. मशीन कशी चालते ते सगळ्यांसमोर पुन्हा ओरडून सांगितलं. हवा, टाकी, भोक, फुगा, सगळं. एकाने, एकाने तरी म्हणायचं होतं, असं कसं वहिनी, आधी तुम्ही. कुणी म्हणालं नाही. चेअरमनची बायको साडी सावरत बोटीत बसली, मग बाकीचे बसले.

रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं. त्याने दोरी ओढली. बोट वळणावरून पलीकडे गेली. मशीन अगदी व्यवस्थित चालली होती.