आक्काचा पगार

खोटं बोलावं तर आमच्या आक्कानं! डोळ्याला डोळा भिडवून, पदर सावरत असं काही ठोकून द्यायची की समोरचा मान डोलवायचा. एरवी मात्र बाई इतकी सरळ, की पेशंटच्या उशाखाली सापडलेली अंगठी वॉर्डभर ओरडत ज्याची त्याला पोचवायची.

रंकाळ्याजवळच्या एका दवाखान्यात ती आया होती, मी ऑफिसात. नव्वदच्या दशकात पगार रोख मिळायचा. पगाराच्या दिवशी तिचा नवरा फाटकाबाहेर सायकल घेऊन हजर. आक्का थोड्या नोटा माझ्या ड्रॉवरमध्ये टाकायची आणि बाहेर जाऊन सांगायची, "ह्या महिन्यात खाडं झालं. कापलं मेल्यांनी." खाडे! अंगात ताप असला तरी कामावर येणारी बाई ती. नवरा आम्हाला शिव्या घालत घरी जायचा आणि आम्ही खिडकीतून हसायचो.

तो दारुडा नव्हता, जुगारी नव्हता. त्याला घरावर माडी चढवायची होती, बस्स. हातात पैसा आला की त्याच्या विटा व्हायच्या. ड्रॉवरमधल्या नोटांवर मात्र पुढे आक्काची धाकटी जयसिंगपुरात नर्सिंग शिकायला लागली. बापाला सांगितलं होतं, फी माफ आहे. तो बिचारा गल्लीभर कौतुक सांगत फिरायचा.

दोन हजार सालानंतर पगार बँकेत जमा होऊ लागला. साहेबांनी भाषण ठोकलं: रांग गेली, चोरीची भीती गेली, आता पैसा सुरक्षित. खोटं नव्हतं त्यात काही. फक्त आक्काचं कार्ड नवऱ्याच्या खिशात गेलं आणि गुप्त नंबरही त्यालाच पाठ. मशीनमधून निघणाऱ्या चिठ्ठीवर तिचा पगार पैशापर्यंत छापलेला.

"मशीनला खोटं बोलाय येत न्हाय बाई," ती म्हणाली, "आनि माझी पोर खोट्यावरच शिकाय लागलीया."

मी चिडलेच. म्हटलं, "कार्ड हरवलं म्हणून अर्ज दे. नवीन घे, नंबर तुझा ठेव."

"कार्ड नवं दील बँक," ती हसली. "दादला नवा देतीया व्हय?"

दुसऱ्या वर्षाची फी आली तेव्हा तिनं नवऱ्यापुढे हात पसरला. स्वतःच्याच पैशासाठी! त्यानं विचारलं, "माफ हाय न्हवं?" मग सगळं सांगावं लागलं. तो ओरडला नाही, मारलं नाही. फक्त जयसिंगपूरला जाऊन पोरीला सामानासकट घेऊन आला. उन्हाळ्यात कबनूरला तिचं लग्न लावून दिलं. मला त्या माणसाचा इतका संताप आला, की माडीच्या वास्तुशांतीला मी गेले नाही.

पुढे आमची वेतनश्रेणी वाढली. ऑफिसात पेढे वाटले. आक्काचा पेढा घेऊन मी वॉर्डात गेले. ती बेडपॅन धूत होती. पदराला हात पुसत तिनं विचारलं, "कशाचा गं?"

"पगार वाढला, आक्का!"

"व्हय?" तिनं अख्खा पेढा तोंडात टाकला. "बरं झालं. घरी मालकास्नी सांगाय पायजे, तुमचा पगार वाढला म्हनून."