दानेश्वरीचा निष्कर्ष

शिरोलीच्या एमआयडीसीतल्या त्या फाउंड्रीत दानेश्वरी पहिल्या दिवशी गेली, तेव्हा महांतेश सरांनी तिला वरच्या ऑफिसातली एक खुर्ची दाखवली. "तू इथं बसून आकडे भर. खाली शॉपमध्ये अतुल जाईल."

अतुल म्हणजे तिचा प्रोजेक्टमधला जोडीदार. दोघंही मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजचा नियम असा, की या सत्राचा प्रोजेक्ट कारखान्यात जाऊन करायचा. विषय कारखाना देणार, तिथला एक साहेब, म्हणजे हे महांतेश सर, मार्गदर्शक असणार आणि निम्मे गुण त्याच्याच हातात.

"सर, लोखंड खाली ओततात. वर बसून मी काय बघू?" दानेश्वरी म्हणाली. "मी पण खाली जातो की."

"जातो नाही, जाते म्हणावं." सर शिकायला पुण्यात राहून आलेले.

"आमच्याकडं पोरी जातोच म्हणत्यात सर," ती म्हणाली आणि हेल्मेट उचलून जिना उतरली.

कागलच्या बसलिंगाप्पांची ही धाकटी लेक. बापाचं भुसार मालाचं दुकान. बाप मवाळ, आई अक्काताई मात्र बोलायला लागली की पलीकडच्या गल्लीला ऐकू जावं अशी. लेक आईवर गेलेली. शाळेत मास्तरांनी गणित चुकवलं तर भर वर्गात उठून सांगायची आणि बाकावर उभं राहायची शिक्षाही तोऱ्यात भोगायची.

प्रोजेक्टचा विषय साधा होता. कारखान्यात पंपाच्या बॉड्या ओतायचे. त्यात आतून बारीक भोकं पडत होती आणि गिऱ्हाईक माल परत पाठवत होतं. भोकं का पडतात, ते शोधायचं. पण सरांनी उत्तर आधीच काढून ठेवलेलं. "साच्यांची रेती कालवायच्या मशिनवरचा कृष्णात पाणी जास्त मारतो. ओल्या रेतीची वाफ होते, वाफेची भोकं. तुम्ही फक्त ते आकड्यांत दाखवा."

कृष्णात मुरगूडचा. केस पिकलेला, कपाळावर कायमची आठी. दानेश्वरी त्याच्या मशिनजवळ गेली तशी तो गुरकावला, "व्हय, लिव्हा. तुमी रिपोर्ट लिवणार नि आमी घरी बसणार. सायबानं त्याच्यासाठीच आणलंय तुमास्नी."

तिला ते लागलं. पण ती तिथंच उभी राहिली. रोज रेतीचा नमुना काढून त्यातलं पाणी मोजू लागली. पाणी कधी किंचित जास्त भरायचं, कधी कमी. भोकांचा आणि त्याचा मेळ काही बसेना. मग एका दुपारी, तयार मालाच्या ढिगापाशी बसून डबा खाताना, तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याच रेतीत पंपाची झाकणंही ओततात. त्यांत एक भोक नाही! रेती तीच, पाणी तेच, कालवणारा माणूसही तोच. मग बॉडीतच भोकं का?

फरक एकच होता. बॉडीला आतून पोकळी लागते. त्यासाठी साच्यात रेतीचाच, पण चिकट द्रव्य घालून भट्टीत भाजलेला एक गाभा ठेवतात. त्याला सगळे कोअर म्हणतात. झाकणाला कोअर लागत नाही.

ती डबा तसाच टाकून कोअर बघायला धावली. मांडण्या शेडच्या उघड्या बाजूला होत्या. पावसाळी दमट वारा सरळ आत येत होता. पूर्वी हे कोअर भट्टीशेजारच्या बंद, उबदार खोलीत ठेवत. गेल्या वर्षी ती खोली काढून तिथं गिऱ्हाइकांसाठी एसीचा मीटिंग हॉल केला होता. कल्पना महांतेश सरांची.

"कोअर पुन्हा भाजू आणि गरम असतानाच साच्यात ठेवू," ती अतुलला म्हणाली. "रेतीला हात लावायचा न्हाय."

आठवडाभर दोघांनी तसं केलं. त्या बॉड्या कापून पाहिल्या तर आतून स्वच्छ. न भाजलेल्यांत भोकंच भोकं. अतुलनं तिच्या हातावर टाळी दिली. "जिंकलो की गं!"

दिवाळीआधी सादरीकरण झालं ते त्याच मीटिंग हॉलमध्ये. निष्कर्षावर येताना दानेश्वरीनं बोट खाली दाखवलं. "कोअर ओल धरतात, कारण त्यांची जागा गेली. ती जागा ही. आपण आत्ता बसलोय ती."

महांतेश सरांचा चेहरा लालबुंद झाला. बाकीचे गेल्यावर त्यांनी दार लावलं. "निष्कर्ष बदलायचा. कामगारांचा हलगर्जीपणा, एवढंच लिहायचं. नाहीतर प्रोजेक्ट पूर्ण झाल्याचं पत्र मिळणार नाही, गुणही नाहीत."

"माझं कुठं चुकलंय ते सांगा सर. आत्ता खोडतो."

"चुकण्याचा प्रश्न नाही."

"मग खोडायचा पण न्हाय."

कॉलेजातल्या मार्गदर्शक अनुजा मॅडमनी तिला केबिनमध्ये बसवून समजावलं. "दानेश्वरी, पुढच्या वर्षी याच कंपनीत आपल्याला मुलं पाठवायची आहेत. एक वाक्य तर आहे."

"मॅडम, त्या वाक्यावर एका माणसाची नोकरी जाणार हाय. तुम्ही लिहाल?"

मॅडमनी तिचा रिपोर्ट मिटून तिच्या हातात परत दिला.

अतुलनं मात्र मान खाली घातली. त्याला त्याच कारखान्यात नोकरी मिळायची होती. त्यानं आपला रिपोर्ट वेगळा दिला, सरांना हवा तसा. त्या दिवशी दानेश्वरी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीवर बसून ढसाढसा रडली. पत्र गेलं त्याचं तिला काही नव्हतं. तिला आठवत होती ती टाळी.

घरी अक्काताईनं सगळं ऐकून घेतलं. "मार्क किती जाणार?"

"निम्मे, अव्वा."

"जाऊ देत. खरं बोलून कमी पडले म्हण. लपवू नको कुणापास्नं." आणि तिनं ताटात आणखी एक भाकरी वाढली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कंपनीचा रकाना रिकामा पाहून कारण विचारलं. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांनी खोदून खोदून प्रश्न विचारले, आपल्या हातातले गुण पुरे दिले आणि म्हणाले, "कंपनीचे मला देता येत नाहीत." विशेष श्रेणी हुकली. प्रोजेक्टात दानेश्वरी कशीबशी पास झाली.

महिन्याभरात कृष्णातवर आरोपपत्र आलं, अतुलच्या रिपोर्टचा हवाला देऊन. तो कागलला दुकानात आला आणि दारातच उभा राहिला. "पोरी, चौकशीला येऊन बोलशील?"

बसलिंगाप्पा घाबरले. "एमआयडीसीत सगळे एकमेकांच्या ओळखीचे. उद्या हिला कोण नोकरी देणार?"

"न्हाय दिली तर न्हाय," दानेश्वरी म्हणाली. "कवा हाय चौकशी?"

चौकशीच्या टेबलावर तिनं दोन कापलेल्या बॉड्या ठेवल्या, एक भोकांची, एक स्वच्छ. त्या तिनं कॉलेजातून मागून आणल्या होत्या. महांतेश सर म्हणाले, "ही विद्यार्थिनी आहे. हिला कारखान्यातला काय अनुभव?"

"अनुभव न्हाय सर," ती म्हणाली. "म्हणून तर मोजून बघितलं. तुम्ही पण मोजा. आत्ता कोअर भाजा, ओता, कापा. भोक निघालं तर मी इथंच लिहून देतो की मी खोटी."

चौकशीसाठी बाहेरून आणलेल्या वकिलांनी सरांकडं पाहिलं. "करायचं का?"

सरांनी समोरची फाइल मिटली. समोर बसलेल्या अतुलला वकिलांनी विचारलं, "तुमच्या रिपोर्टात पाण्याचे आकडे कुठं आहेत?" त्यानं बराच वेळ पानं उलटली. मग हळूच म्हणाला, "आकडे तिचेच खरे आहेत."

कृष्णातची नोकरी टिकली. त्याला दुसऱ्या मशिनवर टाकलं, पण टिकली. कोअरच्या मांडण्यांना पत्र्याची बंद खोली मिळाली. मीटिंग हॉल होता तिथंच राहिला, आणि सरही.

शेवटची परीक्षा संपल्यावर शिरोलीतल्या तीन-चार ठिकाणी दानेश्वरीला नकार आला. एकानं तर तोंडावर विचारलं, "ती साक्ष देणारी तूच काय?"

"व्हय, मीच," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडं कोअर कुठं ठेवता?"

ती नोकरीही मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाडीला किक मारली आणि गोकुळ शिरगावच्या रस्त्याला लागली. तिकडं अजून पुष्कळ फाउंड्र्यांची दारं वाजवायची राहिली होती.