दहावा हात

सासऱ्यांनी मला ब्रिज शिकवला आणि मग जोडीदार म्हणून घेतलं. रविवारी अमरावतीहून आम्ही अकोल्याच्या क्लबात खेळायला जायचो; गाडी मी चालवायची. तिथे जोड्यांची स्पर्धा असते. तेच पत्ते सगळ्या टेबलांवर फिरतात, त्यामुळे बोली पुरी केली म्हणून कुणी खूश होत नाही. त्याच पत्त्यांवर दुसऱ्यांनी एक हात जास्त काढला, की आपण खाली.

त्या जास्तीच्या हातासाठी सासरे जीव टाकायचे. मी एखादा सोडला, की परतीच्या वाटेवर बोलणी ठरलेली. “काहून सोडला? तो का त्याह्यच्या बापाचा होता?”

एका रविवारी नऊ हातांची बोली त्यांच्याकडे आली. मी डमी, म्हणजे माझे पत्ते टेबलावर उघडे; तेही त्यांनीच खेळायचे. त्यांत इस्पिकची सत्ती होती आणि तिच्या वरचे सगळे इस्पिक पडून गेले होते. ती खेळली की दहावा हात. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग पत्ते खाली ठेवले.

“नऊ आमचे. बाकी तुमी घ्या.”

समोरच्या बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. डमीला बोलता येत नाही.

परतताना मूर्तिजापूर मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, “सत्ती चालत होती?”

“चालत होती, बाबा.”

“मले वाटलंच. पन गुलाम गेला का नाही, तेच ध्यानात नाही राह्यलं. मंग जे आपले होते तेवढे घेतले.”

विसरणं वाढलं, तेव्हा डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. खेळू द्या, म्हणाले. आम्ही जात राहिलो. पुढे एकदा बदामाची उतारी होती आणि हातात बदाम असताना त्यांनी किलवर टाकलं. नियमाने आम्हाला दंड बसायला हवा होता. समोरचे गृहस्थ म्हणाले, “असू द्या, काका.”

सासऱ्यांचा चेहरा उतरला. तरी शेवटपर्यंत खेळले, सगळ्यांचा निरोप घेतला. गाडीत बसल्यावर म्हणाले, “ते लोक दया करून राहिले माह्यावर. आता मी नाही येत. तू दुसरा जोडीदार पाह्य.”

“तुमच्याशिवाय नाही जायचं मला.”

“मंग तुले शिकवलं काहून?”

म्हणून मी जात राहिले. आल्यावर त्यांच्या पलंगाशी बसून डाव सांगायचे. सुरुवातीला ते मधेच अडवायचे. मग नुसते ऐकायचे. पुढे ऐकतात की नाही, तेही कळेना. मागच्या हिवाळ्यात ते गेले.

परवा अकोल्यात एका डावात मी असा एक जास्तीचा हात काढला, जो दुसऱ्या कुठल्याच टेबलावर कुणाला सुचला नव्हता. नव्या जोडीदाराने टेबलावर थाप मारली. घरी आले तर नवऱ्याने विचारलं, “कसा झाला खेळ?”

त्याला पत्त्यांतलं काही कळत नाही.

“बरा झाला,” म्हटलं, आणि कणीक भिजवायला घेतली.